परभणीतनं ऑरोरा का दिसत नाही?

मे महिन्यात रात्रीच्या लाईटीवर उसाला पाणी देणारी माणसं आपल्या परभणी-हिंगोलीकडं काही कमी नाहीत, अन २०२४ च्या १० मेच्या रात्री पण ती रानातच असणार. त्या रात्री सूर्यावरनं निघालेलं एक वादळ पृथ्वीवर धडकलं, २००३ नंतरचं सगळ्यात जोरदार. तिकडं लडाखात हानलेच्या वेधशाळेतल्या कॅमेऱ्यांत आभाळ लाल आलं, म्हणजे ऑरोरा, एरवी ध्रुवांकडं रात्री आभाळात दिसणारा रंगीत उजेड, अन आपल्याकडं नुसत्या चांदण्या.

बरेच जण म्हणतात की सूर्याचे कण थेट ध्रुवांवर पडतात अन उजेड होतो. तेवढं सोपं नाही ते. सूर्यावरनं विजेचा भार असलेल्या कणांचा वारा कायम वाहतोय, सेकंदाला चारशे-पाचशे किलोमीटरनं, तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आपटतो अन रात्रीच्या बाजूला त्या क्षेत्राची लांबच लांब शेपटी ओढतो, ती ताणली जाते, तिथल्या चुंबकीय रेषा तुटून परत जुळतात, अन त्या झटक्यात सुटलेले इलेक्ट्रॉन रेषा धरून ध्रुवांकडच्या हवेत घुसतात. म्हणजे चमकते ती आपलीच हवा! निऑनच्या ट्यूबमध्ये होतं तसंच.

रंगांचं तर मला लई भारी वाटतं. हिरवा अन लाल, दोन्ही ऑक्सिजनच्या अणूचेच. दणका बसला की अणू ती ऊर्जा धरून ठेवतो, हिरवा उजेड सोडायला त्याला सेकंदभरही लागत नाही, पण लाल सोडायला जवळपास दोन मिनिटं, अन तेवढ्यात दुसरं कुणी येऊन धडकलं की ऊर्जा गेली, उजेड नाहीच. म्हणून शंभर-दीडशे किलोमीटरवर हिरवा, अन दोनशेच्या वर, जिथं हवा इतकी विरळ की धडकायलाच कुणी नाही, तिथं लाल. उंचावरचा असल्यामुळं तो लांबनंही दिसतो. खालच्या काठाची जांभळी-गुलाबी झाक नायट्रोजनची.

मग परभणीत का नाही? इथनं निघालेली चुंबकीय रेषा अंतराळात लांब जातच नाही, काहीशे किलोमीटर वर चढते अन दक्षिणेला हिंदी महासागरात उतरते. त्या शेपटीशी तिचा संबंधच येत नाही.

पण वादळ इथं पोचत नाही असं समजू नका. १८५९ च्या सप्टेंबरात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लानं (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) खाली आलं, जगभरचे अभ्यासक आजही ती नोंद काढून बघतात. अन १८७२ च्या ४ फेब्रुवारीला तर मुंबईतनं ऑरोरा दिसल्याची नोंद आहे, तो डोक्यावरचा नाही, उत्तरेला लांब उंचावर पेटलेला असणार. मुंबई अन परभणीचे अक्षांश जवळजवळ सारखेच, म्हणजे आभाळ मोकळं असेल तर त्या रात्री आपल्या रानातनंही दिसायला पाहिजे होता! पुढं मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे मोजमाप १९०४ ला अलिबागला हलवलं, ते अजून चालू आहे, अन २०२४ चं वादळ पण तिथल्या यंत्रांनी टिपलंय.