उभ्या ट्रेलरचे दिवे

नमस्कार श्रोतेहो. गाडीच्या मागे जोडून न्यायचा राहता ट्रेलर, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलर, तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर आजचं बोलणं खास तुमच्यासाठी आहे. त्याच्या रनिंग लाइटबद्दल मी बोलणार आहे. पुढच्या कोपऱ्यांवरचे पिवळे, मागचे लाल आणि बाजूचे लहान दिवे. अंधारात ट्रेलर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे मागून येणाऱ्याला तेवढ्यावरूनच कळतं.

हे दिवे आपण तपासतो कधी? निघायच्या दिवशी, गाडी जोडल्यावर, सगळे आत बसलेले असताना. त्या घाईत एखादा दिवा बंद दिसला तर ‘बघू नंतर’ म्हणून माणूस निघतो. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, ट्रेलर निवांत उभा असतानाच हे काम उरका. त्याला गाडी लागत नाही.

ट्रेलरला स्वतःची बारा व्होल्टची बॅटरी असते. ट्रेलरच्या वायरी गाडीला जोडणाऱ्या, अमेरिकी पद्धतीच्या सात पिनांच्या प्लगमध्ये एक पिन गाडीकडून ही बॅटरी चार्ज करण्यासाठी असते. गाडी जोडलेली नसली की बॅटरीचा करंट उलटा त्याच पिनेपर्यंत येऊन थांबतो. बॅटरीचं मेन स्विच मात्र चालू हवं. तिथून रनिंग लाइटच्या पिनेला एक वायर जोडली की सगळे दिवे एकदम लागतात. त्या वायरमध्ये दहा अँपिअरचा फ्यूज घाला, आणि तो बॅटरीच्या पिनेजवळच्या टोकाला ठेवा. फ्यूजशिवाय हे करूच नका. वायरचं मोकळं टोक चुकून अर्थला, म्हणजे करंट परत बॅटरीकडे नेणाऱ्या वायरला किंवा पत्र्याला, लागलं तर ती क्षणात तापून लाल होते.

साधारणपणे पांढरी वायर अर्थची, काळी बॅटरीची, हिरवी रनिंग लाइटची आणि निळी ब्रेकची असते. पण रंगावर विसंबू नका, आधी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं यंत्र, लावून खात्री करा. निळीला करंट दिलात तर चाकांमधले ब्रेकचे मॅग्नेट ओढले जातात आणि बॅटरी भराभर उतरते. युरोपी पद्धतीच्या प्लगमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूच्या दिव्यांना वेगळ्या पिना असतात, तिथे दोन्ही बाजू स्वतंत्र तपासाव्या लागतात.

दिवे लागले की संधिप्रकाशात ट्रेलरभोवती एक सावकाश फेरी मारा. नुसतं ‘लागला की नाही’ एवढंच पाहू नका, कोणता मंद आहे तेही पाहा. माझ्या ट्रेलरचा मागचा उजवा दिवा असाच मिणमिणायचा. मी दोनदा बल्ब बदलला, काही फरक पडला नाही. शेवटी दिवा उघडला, तर अर्थच्या वायरचा स्क्रू तपकिरी गंजाने पार माखला होता. कानस मारून पत्रा चकचकीत केला, नवा स्क्रू आवळला आणि दिवा झळकन उजळला. तेव्हापासून मी बल्बच्या आधी अर्थ पाहतो. एकच दिवा मंद असेल तर त्याच दिव्याचा अर्थ तपासा. सगळेच मंद असतील तर प्लगमधली पांढरी वायर पाहा, आणि पिनांवर हिरवट थर बसलाय का तेही. तो थर बारीक पॉलिश पेपरने जातो.

रात्री उभ्या ट्रेलरचे दिवे लावून ठेवायचे असतील, समजा अंधारात सामान चढवताय, तर बॅटरीचा हिशेब मनात असू द्या. जुन्या पद्धतीचे दहा लहान बल्ब आणि मागचे दोन मोठे मिळून साधारण चार अँपिअर खातात. बॅटरीची साठवण अँपिअर-अवरमध्ये मोजतात; दहा तासांत चाळीस अँपिअर-अवर गेले, म्हणजे शंभर अँपिअर-अवरच्या लेड-ॲसिड बॅटरीतली जवळपास अर्धी ताकद. एलईडी असतील तर हाच खर्च अगदी थोडा होतो. मी जुने बल्ब काढून एलईडी बसवले ते यासाठीच.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. ट्रेलर रस्त्याच्या कडेला बंद पडला असेल तर नुसत्या रनिंग लाइटवर भागवू नका. लाल दिवे दिसले की मागच्याला वाटतं, पुढचं वाहन चालतंय, आणि तो वेग कमी करत नाही. गाडी जोडलेली असेल तर चारही इंडिकेटर चालू करा आणि चमकणारा त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवा. तो ठेवायला जाताना रस्त्याच्या कडेकडेने, येणाऱ्या वाहनांवर नजर ठेवून चाला.