रंग ओळखीचे, चित्र अनोळखी

श्रोतेहो, नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरच्या एका कलादालनात सध्या चित्रांचं प्रदर्शन लागलंय. एका खोलीत निसर्गचित्रं, शेजारच्या खोलीत अमूर्त चित्रं. पहिल्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. "अरे, हा तर आपला देवगिरी!" असे आवाज चाललेले. शेजारी मात्र शुकशुकाट. कुणी डोकावलंच, तर दारातूनच विचारतं, "हे काय काढलंय?"

खरं सांगू का, मराठवाड्याच्या माणसानं तरी हा प्रश्न विचारू नये. पाऊस उघडला की आपल्याकडचा शेतकरी बांधावरूनच मातीचा रंग बघतो आणि वाफसा, म्हणजे पेरणी-मशागतीजोगी ओल, आलाय का, याचा अंदाज बांधतो. मूठभर माती दाबून बघणं नंतरचं. करडईचं फूल पिवळं उमलतं आणि सुकता सुकता तांबूस होतं, हेही त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ही नजर त्या दुसऱ्या खोलीत पुरेशी आहे.

तिथलं एक मोठं चित्र सांगते. वर फिकट राखाडी पट्टा, खाली सगळा काळा. लांबून बघाल तर बस्स, काळाच. जवळ गेलं की कळतं, रंग सुरीनं ओढलाय. त्याच्या कडा नांगरटीच्या तासांसारख्या उठल्यात आणि फटींतून आधी दिलेला गेरू डोकावतोय. बाजूच्या दिव्यानं त्या कडांची सावलीही पडते. मोबाइलच्या फोटोत यातलं काही येत नाही.

अमूर्त चित्रांसाठी नावाजलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि सुरीनं असेच थर द्यायचे. दुसरे नामवंत चित्रकार सय्यद हैदर रझा, त्यांची तर सुरुवातच निसर्गचित्रांची. पुढे घरं, झाडं विरत गेली आणि बिंदू, म्हणजे एक मोठं गडद वर्तुळ, आला.

अन् अजिंठा तर आपल्या उंबऱ्याशी! तिथला गेरू, पिवळी माती, हिरवा, सगळे खनिजांचे रंग, काळा काजळीचा. निळ्यासाठी लागणारा लाजवर्द हा निळा दगड मात्र पार बदख्शानहून, आजच्या अफगाणिस्तानातून यायचा. २ नंबरच्या लेण्याचं छत आठवा, वर्तुळात वर्तुळं. तिथं मान वर करून "हे काय काढलंय" असं कोण विचारतं?

जाणार असाल तर अमूर्ताच्या खोलीत आधी जा, डोळे ताजे असताना. पाटी नंतर वाचा. चित्रकार भेटलेच, तर अर्थ विचारू नका. खाली कोणता रंग होता, वाळायला किती दिवस लागले, ते विचारा. फक्त हाताशी वेळ ठेवून विचारा. एकदा बोलायला लागले की ते लवकर सोडत नाहीत.