रंगाआधी पाणी शोधा

मंडळी, नमस्कार. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे 11 जूनच्या सुमारास येतो, तळकोकणात त्याच्या थोडा आधी. म्हणजे आपल्या हातात काही आठवडेच आहेत. म्हणून आज घरदुरुस्तीतला एकच विषय घेतो: ओल. बिजागरी कुरकुरते, नळाचा वायसर गेलाय, ही कामं भर श्रावणातही होतात. गळतीचं तसं नाही. सिमेंट असो की रसायन, पाणी झिरपत असताना ते नीट धरत नाही, आणि पाणी थांबलेली भिंत आत्ताच मिळेल.

आपल्याकडे याची रीतच होती. कोकणात मे महिन्यात घर शाकारायचे. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, रिपा तपासायच्या, वाळवी लागलेला वासा बदलायचा, आणि ज्या अंगाने झड येते तिकडे माडाची झापं बांधायची. गेल्या वर्षी गळलं नाही म्हणून यंदा शाकारणी नको, असं कोणी म्हणत नसे. स्लॅब आला आणि ती सवय गेली. आरसीसीला, म्हणजे लोखंडी गज घातलेल्या काँक्रीटला, काय होतंय, असा आपला समज झाला. माझं म्हणणं एवढंच आहे की स्लॅबच्या घरालाही दरवर्षी शाकारणी लागते.

आता आपण करतो काय? भिंतीला लोणा लागतो, म्हणजे ओलीमुळे क्षार फुटून येतात, पोपडे सुटतात. आपण ते खरवडतो, पुट्टी भरतो, वरून ओल न लागणारा म्हणून विकला जाणारा महाग रंग देतो. पुढच्या पावसात तो रंग फुग्यासारखा सुटून येतो, कारण पाणी मागून येत असतं आणि रंग पुढे असतो. पाणी कुठून येतंय हे कळेपर्यंत ब्रश भिजवू नका.

आणि डाग जिथे दिसतो तिथेच पाणी शिरलेलं असेल असं धरून चालू नका. ते स्लॅबमधल्या वायरच्या नळीतून, गजाच्या कडेने, फरशीखालच्या भरावातून लांब जातं आणि भलतीकडे उतरतं.

म्हणून आधी डाग कधी वाढतो ते बघा. फक्त पावसात वाढत असेल तर दोष गच्चीचा किंवा बाहेरच्या भिंतीचा. बारा महिने ओला असेल तर पाण्याची किंवा सांडपाण्याची लाइन. घराला पाण्याचा स्वतंत्र मीटर असेल तर रात्री सगळे नळ बंद करून आकडा लिहून ठेवा. सकाळी, कोणी पाणी वापरायच्या आधी, पुन्हा बघा. आकडा पुढे गेला असेल तर बहुधा नळाची लाइन गळते आहे. मीटर हलला नाही तर बाथरूमकडे वळा. दोन दिवस ते वापरू नका. डाग सुकायला लागला तर नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीवरचं पाणी वाहून नेणाऱ्या जाळीखालच्या भांड्याच्या, तोंडात कापडाचा घट्ट बोळा बसवून जमिनीवर दोन बोटं पाणी साठवा. डाग परत ओलावला तर जमिनीतून झिरपतंय. नाहीच ओलावला तर बोळा काढून पाणी सोडा, आणि मग ओल आली तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप.

पावसाळी हवेत भिंत थंड पडून नुसती दमट होते, तीही ओल वाटते. तिथे हातभर प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने सील करा आणि दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला धरले तर हवेचा दमटपणा. खिडकी उघडा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीकडे असतील तर पाणी भिंतीतूनच येतंय.

बाथरूमची जमीन झिरपत असेल तर लगेच सगळ्या फरश्या फोडायला जाऊ नका. पुष्कळदा सांध्यातलं व्हाइट सिमेंट झिजून गेलेलं असतं, विशेषतः नहाणीच्या जाळीभोवती आणि कमोडच्या बुडाशी. जुन्या हॅक्सॉ ब्लेडने सांधा खरवडा, धूळ ब्रशने काढा, दिवसभर पंखा लावून वाळवा. मग इपॉक्सी ग्राउट, म्हणजे दोन घटक कालवून सांध्यात भरायचा मसाला, भरा. ते लवकर घट्ट व्हायला लागतं, म्हणून थोडं थोडंच कालवा, हातमोजे घाला, आणि फरशीवर लागलेलं ओल्या स्पंजने तिथल्या तिथे पुसा. निदान चोवीस तास पाणी टाकू नका. यानेही थांबलं नाही, तर मग फरशी उचलायची.

गच्चीवर पहिलं काम झाडूचं. पाइपाच्या तोंडाची जाळी, पानं, कबुतरांची घाण. निम्म्या गळत्या तुंबलेल्या पाण्याच्या असतात असं माझं मत आहे. कोबा, म्हणजे गच्चीवरचा पाणी अडवणारा थर, तडकलाय का, भिंत आणि गच्ची जिथे मिळते त्या कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर वाटा सुटलाय का, हे बसून, हात फिरवून बघा. पाणी साठवून चाचणी करायचा मोह होईल, पण पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला पन्नास किलो वजन. जुन्या इमारतीत ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय करू नये.

छज्जाकडे कोणी बघत नाही, म्हणून जरा थांबतो. छज्जाच्या खालच्या अंगाला, बाहेरच्या कडेजवळ एक बारीक खाच असते. वरून ओघळलेलं पाणी तिथे अडतं आणि खाली ठिबकतं. ही खाच रंगारी पुट्टीने भरून टाकतात, काम सफाईदार दिसावं म्हणून! मग पाणी सरळ छज्जाखालून भिंतीकडे येतं आणि खिडकीच्या वर आतून डाग पडतो. रंगकाम चालू असेल तेव्हा खाच उघडी ठेवायला सांगा. हे काम परांचीवरून, कामगारांकडून करून घ्यायचं. खिडकीतून लोंबकळून स्वतः करू नका.

भिंतीत उगवलेला पिंपळ नुसता खुडला तर पुन्हा फुटतो आणि मूळ आणखी आत जातं. अनेकांना तो तोडवत नाही, आणि ती भावना मला मान्य आहे. रोप लहान असतानाच मुळासकट सोडवून जमिनीत लावा, आणि भेग लगेच भरा.

केसाएवढी भेग घरी भरता येते. नाणं आत जाईल एवढी असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. भेग खुणेच्या पुढे सरकली तर इंजिनिअर बोलवा. स्लॅबचा पोपडा पडून गंजलेला गज दिसत असेल तर त्यावर गिलावा थापू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, तोच काँक्रीट फोडत असतो आणि गिलाव्याआड फोडत राहतो. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे नमुना नियमांनुसार, 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं दर 5 वर्षांनी आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीची तपासणी, करायचं असतं. गच्चीतून, बाहेरच्या सामाईक पाइपातून होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची, घरातल्या संडास-सिंकची ज्या त्या सभासदाने. त्यामुळे वरच्या मजल्याशी भांडायच्या आधी नहाणीची चाचणी दोघांनी मिळून करा. तुमचा निम्मा वाद तिथेच मिटेल.

ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर तो विषय घरी हाताळायचा नाही. त्या लाइनचा एमसीबी, म्हणजे मीटरजवळच्या पेटीतला वीज तोडणारा खटका, पाडा आणि परवानाधारक वायरमन बोलवा. आरसीसीबी, म्हणजे वीज गळत असेल तर पुरवठा तोडणारा खटका, बसवलेला असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण आजच दाबून बघा. दाबल्यावर तो पडला नाही तर तो बदलून घ्या.

आणि रंग? तो आत्ता देऊ नका. गळती आत्ता बुजवा, भिंतीला एक पावसाळा जाऊ द्या, जुन्या डागाच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून ठेवा. गणपतीनंतर डाग रेघेच्या आतच राहिला आणि हाताला कोरडा लागला, तर दिवाळीला रंगारी बोलवा. आता तुमच्या घरातल्या डागांबद्दल विचारा. कुठल्या भिंतीवर आहे आणि तिच्या पलीकडे काय आहे, हे आधी सांगा.