घड्याळाने दाखवलेल्या कॅलरी खायच्या का?

नमस्कार मंडळी. आज विषय एकच घेतलाय, कारण आहारसल्ल्यासाठी येणारे बरेच जण हाच प्रश्न घेऊन येतात, की मॅडम मी रोज सकाळी तासभर चालते, घड्याळ म्हणतं अडीचशे कॅलरी जळल्या, मग तेवढं जास्तीचं खाल्लं तर चालतं ना, आणि खाते तर वजन का हलत नाही? माझं उत्तर सरळ आहे. वजन उतरवायचंय ना, मग त्या अडीचशे कॅलरी खाऊ नका, त्या आपल्या नाहीतच असं समजा.

आता का ते बघू. आधी ते घड्याळच घ्या. 2017 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी मनगटावर बांधायची सात यंत्रं तपासली, त्यात नाडीचे ठोके बऱ्यापैकी बरोबर आले पण कॅलरीत सगळी गडबड, सगळ्यात चांगल्या यंत्राची सरासरी चूक 27 टक्के आणि सगळ्यात वाईटाची 93 टक्के! नंतर घड्याळं सुधारली असतील, पण त्या आकड्यावर जेवण ठरवावं इतका भरवसा मी तरी ठेवत नाही.

बरं, समजा आकडा अगदी बरोबर आहे. सत्तर किलोची बाई तासात पाच किलोमीटर चालली तर साधारण 245 कॅलरी होतात. पण ती तोच तास खुर्चीत पेपर वाचत बसली असती तरी सत्तरेक कॅलरी गेल्याच असत्या, श्वास चालू, हृदय चालू, शरीर काही बंद पडत नाही. म्हणजे चालण्यामुळे जास्तीच्या गेल्या किती, तर पावणेदोनशे. आणि चालून आल्यावर ग्रुपबरोबर टपरीवर एक वडापाव खाल्ला की अडीचशे-तीनशे आत, वर साखरेचा चहा वेगळाच.

कॅलरी मोजणाऱ्या ॲपवाल्यांची अजून एक गंमत कळत नाही. ॲप सुरुवातीला विचारतं, तुम्ही किती ॲक्टिव्ह? आपण रोज चालतो म्हणून 'मध्यम' टाकतो, मग ते त्या चालण्यासकट रोजचा आकडा काढून देतं, आणि संध्याकाळी घड्याळ जोडलेलं असलं की काही ॲप तेच चालणं परत वर मिळवून देतात. एकच पगार पासबुकात दोनदा लिहिल्यासारखं झालं हे, खर्च करताना पैसे कुठून येणार? म्हणून मी सांगते की ॲपमध्ये 'बैठं काम' निवडा, व्यायामाचं जोडणं बंद करा आणि जो आकडा येईल त्यातून तीनशे-चारशे कमी करा, जास्त नाही. रोज चारशेची तूट म्हणजे आठवड्याला 2800, आणि एक किलो चरबीत साधारण 7700 असतात, तर तीनेक आठवड्यांना एक किलो. हळू वाटतं, मान्य आहे, पण पहिल्या आठवड्यात जे दोन किलो भरकन उतरतात त्यात बरंचसं पाणीच असतं.

आता घरातलं एक गणित करू, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागतं, बरोबर? पाच लिटर म्हणजे साधारण 4600 ग्रॅम, ग्रॅमला नऊ कॅलरी, झाले 41,400. चार माणसं, तीस दिवस, भागा. माणशी रोज 345 कॅलरी नुसत्या तेलाच्या! तेच तीन लिटरवर आणलं तर माणशी 207. फरक 138 चा, म्हणजे त्या सत्तर किलोच्या बाईचं रोजचं जवळजवळ चार किलोमीटर चालणं, आणि तेही फोडणीत बाटली तिरपी करायच्या ऐवजी चमचा वापरून. घरातल्या सगळ्यांचंच कमी होतं हा वरचा फायदा.

शरीरही स्वतःचं जुळवून घेतं. हर्मन पॉन्ट्झर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाच्या टीमने टांझानियातल्या हाड्झा लोकांचा रोजचा कॅलरींचा खर्च मोजला, ही माणसं शिकार आणि कंदमुळांसाठी दिवसभर पायपीट करतात, आणि 2012 साली आकडे छापले तेव्हा शरीराच्या आकाराचा हिशोब धरल्यावर त्यांचा खर्च शहरी पाश्चात्त्य माणसाइतकाच निघाला. आपल्याकडेही रविवारी दहा किलोमीटर पळून आलेला माणूस दुपारभर सोफ्यावरून उठत नाही, जिन्याऐवजी लिफ्ट, आणि भूक जास्त.

म्हणजे व्यायाम सोडायचा का? अजिबात नाही, हे मी हात जोडून सांगते! नुसतं खाणं कमी करून जे वजन जातं त्यातला पाव हिस्सा तरी स्नायूंचा वगैरे असू शकतो, तो वाचवायचा तर आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, घरच्या घरी उठाबशा काढा, आणि जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी, मासे जे चालत असेल ते वाढवा. शिवाय उतरलेलं वजन टिकवायला व्यायाम लागतोच. अमेरिकेत 1994 पासून अशा लोकांची नोंदवही ठेवलीये, किमान साडेतेरा किलो कमी करून वर्षभर टिकवलेले लोक, त्यातले बहुतेक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात. शुगर, बीपी, झोप यांचं तर वेगळं सांगायला नको.

दोन जणांना मात्र माझा आजचा नियम लागू नाही. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणाऱ्यांनी लांब पळायच्या दिवशी व्यवस्थित खायचं, त्याच काळात वजन उतरवायचा हट्ट नको, मुलींची पाळी चुकायला लागली तर ते कमी खाण्याचं लक्षण असू शकतं, लगेच डॉक्टरकडे जा. आणि इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आपल्या मनाने खाणं कमी आणि चालणं जास्त करू नये, शुगर एकदम खाली जाते, आधी डोस विचारून घ्या.

आता मागच्या रांगेतल्या काकूंची चिठ्ठी आलीये, उपवासाला वजन उतरेल का. काकू, साबुदाण्याच्या एका प्लेट खिचडीत दाण्याचं कूट आणि तूप धरून चारशेच्या आसपास जातात, तेव्हा उपवास करायचाच तर भगर घ्या पण मोजून, सोबत ताक, काकडी, आणि रात्री उपवास सोडताना एरवी जेवता तेवढंच जेवा.