मुलाची भेट : संमतीपत्रात काय लिहावे?

श्रोतेहो,

विभक्त होण्याच्या निर्णयापर्यंत आलेले आईवडील वकिलाकडे येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुधा 'मूल कोणाला मिळणार?' हाच असतो. कायद्याचा भर मात्र निराळ्या ठिकाणी आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून पित्याचा क्रम आधी लागतो आणि पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे असे म्हटले आहे. परंतु त्याच अधिनियमाच्या कलम १३ ने मुलाचे हित सर्वोपरी मानले आहे. १९९९ साली गीता हरिहरन यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, वडील हयात असूनही मुलाच्या देखभालीपासून दूर असतील तर आई नैसर्गिक पालक म्हणून निर्णय घेऊ शकते, असा निर्वाळा दिला. पुढे २०१५ मध्ये गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात याच न्यायालयाने पाच वर्षांखालील बाळाचा ताबा आईकडे सोपवला. त्या वेळीही वडिलांची भेट कायम ठेवण्यात आली, याकडे मी आपले मुद्दाम लक्ष वेधतो.

माझे आज एवढेच सांगणे आहे की ताबा कोणाकडे जातो याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, भेटीच्या अटी कशा लिहिल्या जातात यावर मुलाचे पुढचे बालपण अवलंबून असते. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की मुलाला आईवडील दोघांचेही प्रेम आणि सहवास हवा असतो, आणि विशेष कारण नसेल तर ताबा न मिळालेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता आले पाहिजे. अशी भेट मुलाच्या हक्काची आहे. ती पोटगी वेळेवर आल्याचे बक्षीस ठरू नये आणि ती थकल्याची शिक्षाही होऊ नये. पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज करता येतो, भेट नाकारली तर त्यासाठीही न्यायालयाकडे जाता येते. एकाचा राग दुसऱ्या गोष्टीवर काढला की भुर्दंड मुलाला पडतो.

आता प्रत्यक्ष संमतीपत्राकडे, म्हणजे दोघांनी एकमताने ठरवून न्यायालयात दिलेल्या लेखी अटींकडे, वळू. अनेक संमतीपत्रांत एकच ओळ असते : 'पक्षकारांनी परस्परांच्या सोयीने मुलाची भेट ठरवावी.' वरवर ही ओळ समंजस वाटते, परंतु ज्या दोघांत साधे बोलणेही उरलेले नाही त्यांना ती दर शनिवारी नव्याने वाटाघाटी करायला लावते, आणि काही आठवड्यांतच आठ वर्षांचे मूल निरोप्या होते. दप्तर पाठीवर घेऊन ते वडिलांच्या दुचाकीवरून उतरते आणि जिना चढतानाच सांगते, "पप्पा म्हणाले, पुढच्या रविवारी जमणार नाही." आत आईचा चेहरा कसा होतो हे ते पाहत असते. पुढच्या खेपेस ते निरोप थोडा बदलून सांगू लागते, कारण दोन्ही घरांत शांतता राहावी हे काम त्याने आपल्याकडे घेतलेले असते. मला या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त दुखते ते हेच.

म्हणून वार, वेळ, ठिकाण, न्यायला आणि सोडायला कोण येणार, उशीर झाला तर किती वेळ थांबायचे, हे सारे लिहून ठेवावे. दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी निम्मी-निम्मी वाटताना पहिला अर्धा भाग कोणत्या वर्षी कोणाकडे, हेही नमूद करावे. गणपतीत मूल कोणत्या घरी असेल, आजी-आजोबांना ते कधी भेटेल, प्रगतिपुस्तक आणि पालकसभेची सूचना दोघांनाही मिळेल ना, आजारपणात दुसऱ्याला किती तासांत कळवायचे, या बाबी क्षुल्लक वाटतात. पुढची बहुतेक भांडणे मात्र त्यांच्यावरूनच होतात. कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ नुसार तडजोडीसाठी प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे आणि तिथे समुपदेशकही असतात. या तपशिलांसाठी त्यांचा वेळ आवर्जून मागून घ्यावा.

जिथे मारहाण किंवा धाकदपटशा झाला आहे तिथे हे सारे जसेच्या तसे लागू करू नये. घरगुती हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि मुलाच्या हिताला बाधा येईल असे दिसल्यास दंडाधिकारी भेट नाकारू शकतात. अशा प्रकरणात 'मुलासाठी जुळवून घ्या' हा नातेवाइकांचा सल्ला घातक ठरू शकतो.

ताब्याचा आदेश अंतिम नसतो. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम २६ खाली तो बदलून घेता येतो. चार वर्षांच्या मुलीसाठी आखलेले वेळापत्रक ती तेरा वर्षांची झाल्यावर, शिकवण्या आणि मैत्रिणींच्या गराड्यात, तिला जाचक होणारच. तेव्हा मूल माध्यमिक शाळेत जाईल त्या वर्षी अटींचा फेरविचार करू आणि त्या वेळी त्याचे म्हणणे विचारू, असे कलम पहिल्याच संमतीपत्रात घालून ठेवावे.