मचाणावरचं गिऱ्हाईक

मंडळी, व्याख्यानाचा विषय जाहीर झालाय ‘आपल्या जंगलासाठी आपला कॅमेरा’. त्यावर येणारच आहे. पण तिथे जायची वाट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातून जाते आणि ती मी चौदा वर्षं तुडवली आहे, म्हणून आधी तिकडे चला.

बुद्धपौर्णिमेला प्राणी मोजायला पाणवठ्याच्या मचाणावर बसून ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांनी हात वर करा. वा, नागपूर आहे हे! मग माझं निम्मं काम झालं. रात्री दोन वाजता पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडताना केवढा आवाज होतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. हरणाच्या शिकाऱ्यासाठी यंत्र बनवायची सगळी विद्या त्या झाकणात आहे.

शिकारी म्हटल्यावर काही चेहरे गंभीर झाले, ते दिसतंय मला. आपण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात, शिकारबंदीत, वाढलेली माणसं, मीही त्यातलाच, आणि बंदूक मी आजवर हातात धरलेली नाही. पण तिथलं चित्र निराळं आहे. पांढऱ्या शेपटीचं ते हरीण, व्हाइटटेल, १९०० च्या आसपास जवळजवळ संपत आलं होतं. आज अमेरिकेत त्याची संख्या कोटींत मोजतात. बहुतेक भागांतून लांडगे गेले, मका आला, जंगलं परत वाढली. संख्या आटोक्यात ठेवायचं काम आता परवानाधारक शिकाऱ्याकडे आहे. बंदुका-काडतुसांवर एक खास कर आहे, तो १९३७ च्या कायद्यापासून वन्यजीवांसाठी राज्यांकडे जातो. विस्कॉन्सिनमध्ये बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या, आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. नऊच दिवस! वर्षाचे उरलेले दिवस तो माणूस काय करतो? हरणाचा विचार करतो. आमचं यंत्र त्या उरलेल्या दिवसांसाठी होतं.

यंत्र म्हणजे झाडाला बांधायचा कॅमेरा. कल्पना जुनी आहे. जॉर्ज शिरास नावाचे गृहस्थ लेक सुपीरियरच्या काठी रात्री वाटेवर तार आडवी लावायचे. हरणाचा पाय लागला की फ्लॅश उडायचा. त्यांची ७४ छायाचित्रं नॅशनल जिओग्राफिकने जुलै १९०६ च्या अंकात छापली. तेही आधी शिकारीच होते. आता तारेच्या जागी ऊब ओळखणारा सेन्सर असतो. त्यात एक स्फटिक असतो, अंगावर पडणारी ऊब बदलली की त्याच्यावर किंचित विद्युतभार येतो. पुढे प्लास्टिकची खाचाखाचांची भिंगं. हरणाची ऊब एका खाचेतून दुसरीत सरकली की कॅमेरा जागा होतो. सोपं आहे. आम्हा तिघा भागीदारांनाही सोपंच वाटलं होतं.

पहिला नमुना घेऊन मी एका दूधवाल्या शेतकऱ्याकडे गेलो. साठेक गाई, वय पासष्टीपुढे, बोलणं मोजकं. म्हणाला, ये शनिवारी पहाटे. उणे बारा तापमान. साडेचारला आम्ही झाडावरच्या फळीवर चढलो. कॅमेरा हाताशीच, बाजूच्या फांदीला बांधला होता. उजाडायच्या बेताला मला वाटलं, कार्डावर काय आलंय ते बघावं. मी पट्टा सोडला. पट्टा वेल्क्रोचा. खर्रर्र! त्या शांततेत कुणी धोतर टरकावल्यासारखा आवाज झाला. म्हाताऱ्याने डोळे मिटले. रागावला नाही, नुसते मिटले. दुपारी बारापर्यंत अक्षर बोलला नाही. खाली उतरल्यावर म्हणाला, “आजचा दिवस गेला.”

मला वाटलं, आपला संबंध संपला. पण त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, आपले जाड हातमोजे माझ्या हातात चढवले आणि म्हणाला, आता चालू कर. बटण ज्वारीच्या दाण्याएवढं. पाच मिनिटं झगडलो. शेवटी चालू झाला तर पडदा निळाशार पेटला. त्याने लगेच हाताने झाकला. हरणाला तांबडा-नारिंगी रंग आपल्यासारखा वेगळा कळत नाही, म्हणून शिकारी भडक नारिंगी जाकीट घालून बसू शकतात. पण निळा त्याला फार चांगला दिसतो. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, आणि पडदा मीच बनवला होता!

मग कार्ड उघडलं. चाळीस फोटो. एकतीस हलणाऱ्या फांदीचे, कारण उन्हात तापलेली फांदी वाऱ्याने डोलली की सेन्सरला जनावरच वाटतं. उरलेल्या नवांपैकी सहांत हरीण थेट भिंगाकडे बघतंय, कान ताठ. मी म्हटलं, रात्रीच्या फोटोसाठी लावलेल्या इन्फ्रारेड दिव्याचा मंद लाल ठिपका दिसत असेल. तो म्हणाला, “नाही. त्याने ऐकलंय.” खोलीचे सगळे दिवे मालवून, फ्रीज बंद करून त्याने कॅमेरा कानाशी धरला. टक्. रात्रीच्या फोटोआधी भिंगापुढची एक बारकी काच सरकायची, तिचा आवाज. प्रयोगशाळेत पंख्याच्या घरघरीत आम्हाला तो सहा महिने ऐकू आला नव्हता. पुढे आम्ही ती काच दर फोटोला न हलवता फक्त संध्याकाळी एकदा आणि पहाटे एकदा हलवायला लागलो. हरणांनी बघणं सोडलं. ते माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं संशोधन आहे आणि ते एका गोठ्याशेजारच्या स्वयंपाकघरात झालं.

निघताना मी विचारलं, फोटो आणखी स्पष्ट हवा का? तो म्हणाला, “फोटो नको रे, वेळ हवी. तो नर किती वाजता येतो, किती थंडीत येतो, एवढं सांग.” म्हणून फोटोखालच्या पट्टीत तारीख, वेळ, तापमान आणि चंद्राची कला. गिऱ्हाईक विकत घेत होतं ती ही पट्टी.

आता विक्री. इथे थोडा वेळ घेतो, कारण हे अजून सलतं. शरद ऋतूत दुकानात काय लागणार, हे आदल्या हिवाळ्यातच ठरतं. जानेवारीत आम्ही एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी अधिकाऱ्यापुढे बसलो. त्याच्यासमोर एक तक्ता आणि तक्त्यात एकच रकाना महत्त्वाचा: मेगापिक्सेल. आमच्या खोक्यावर पाच. शेजारच्या खोक्यावर वीस. आतला सेन्सर दोन्हींत त्याच जातीचा! त्यांनी पाचाचं चित्र गणिताने ताणून वीस केलं होतं. दुधात पाणी घातल्यावर चरवी भरते, दूध वाढत नाही. अधिकारी म्हणाला, तुम्हीही वीस छापा. मी नाही म्हटलं. भागीदारांशी त्या रात्री भांडण झालं. तरी नाही म्हटलं, आणि आजही तेच म्हणेन.

ऑर्डर मिळाली, लहान. बाराशे नग. हंगाम संपला आणि पुढच्या जानेवारीत तीनशेच्या वर परत आले. नादुरुस्त म्हणून नव्हे! गिऱ्हाइकाने अख्खा हंगाम वापरले, मग दुकानात नेऊन दिले. दुकानाने पूर्ण पैसे परत केले आणि ते आमच्या बिलातून कापले. करारात तशी ओळ होती. एका खोक्यात कडीत ओकचं वाळकं पान अडकलेलं. एकाच्या कार्डावर नऊशे फोटो, त्यांत नातवाला खांद्यावर घेतलेला आजोबा. कॅमेरा उत्तम चालत होता. ते खोकं मी अजून ठेवलंय.

मग आम्ही ती वाट सोडली आणि गावोगावच्या छोट्या दुकानांत गेलो, जिथे गळाची गांडुळं आणि काडतुसं एकाच फळीवर मिळतात. दाराच्या चौकटीवर कॅमेरा, गल्ल्याजवळ छोटा पडदा. माणूस आत आला की चार पावलांत स्वतःचाच फोटो पाहायचा. उशिरा जागा होणाऱ्या कॅमेऱ्याच्या फोटोत माणसाची पाठ येते, हरणाचं शेपूट येतं. आमच्यात चेहरा यायचा. तिथे मेगापिक्सेल कुणी विचारले नाहीत.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलंय. दहा मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

हाच शिकाऱ्याचा कॅमेरा आपला वाघ मोजतो. पंजाच्या ठशांवरून गणती करण्याची पद्धत किती फसवी होती, हे २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नाही तेव्हा देशाला कळलं. त्याआधीच, नव्वदच्या दशकात, वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेऱ्याने पट्टे टिपून वाघ ओळखायची पद्धत बसवली होती. २०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ जागी कॅमेरे लागले आणि सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो आले. आपल्याकडच्या व्याघ्रप्रकल्पांत वर्षानुवर्षं वापरला गेलेला कडबॅक कॅमेरा विस्कॉन्सिनचाच, ग्रीन बे भागातला. माझा नव्हे, आमच्याहून कितीतरी मोठी कंपनी. नोव्हेंबरच्या नऊ दिवसांसाठी शेतकऱ्याने जे पैसे मोजले, त्यांतून हे यंत्र स्वस्त झालं आणि आपल्या सागाच्या झाडाला बांधलं गेलं.

पण ते त्याच्यासाठी बनलंय, आपल्यासाठी नाही. शिकाऱ्याला पांढरा फ्लॅश नको असतो, हरीण बुजतं. आपल्याला हवा, कारण चालत्या वाघाचे पट्टे इन्फ्रारेडमध्ये फिसकटतात. त्याला एक कॅमेरा पुरतो. आपल्याला समोरासमोर दोन लागतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे पट्टे वेगळे. आणि सर्वांत मोठी गोष्ट: सेन्सरला ऊब दिसते ती मागच्या गारव्यापुढे. चंद्रपुरात मे महिन्यात दगड-माती तापून जनावराच्या अंगाइतकी झाली की जनावर आणि जमीन त्याला सारखीच. जेव्हा सगळं जंगल पाणवठ्यावर येतं, नेमका तेव्हा तो आंधळा होतो. वर मुंग्या आत घर करतात आणि वानरं पट्टा ओढतात.

दुसरं, फोटो लगेच मोबाइलवर पाठवणारे कॅमेरे. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी झाडावरचे कॅमेरेच बंद केले. वाळवंटात पाणवठे मोजके, प्रत्येकावर कॅमेऱ्यांची दाटी, जनावराला सुटायला जागा नाही. मला तो निर्णय पटला, धंदा त्यातच असून पटला. पण तेच तंत्र वनरक्षकाच्या हाती द्या. रात्री फासे लावणारा माणूस दिसला आणि चौकीवर तत्काळ फोटो गेला, तर तिथे मला काहीच आक्षेप नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. इथे अभियांत्रिकीची मुलं बसली आहेत. त्यांनी येत्या मे महिन्यात वनखात्याच्या परवानगीने पाणवठ्यावर जावं, दगडाचं, पाण्याचं, चितळाच्या अंगाचं तापमान तासातासाला नोंदवावं. त्या आकड्यांशिवाय आपला सेन्सर बनणार नाही. सर्किटचा आराखडा मी देतो, फुकट देतो. वेल्क्रो मात्र आणायचं नाही.

जाताना एक करा. या सभागृहाच्या दारावर आयोजकांना विचारून साडेपाचपासून एक कॅमेरा बांधून ठेवलाय. कार्ड आता पडद्यावर लावतोय. कोण कितीला आलं, सगळं खाली पट्टीत आहे.