थर्मोस्टॅटचं अपडेट अडकलंय? थांबा, रीसेट दाबू नका!

नमस्कार मंडळी! आज साताऱ्याच्या घरातून नाही, पाचगणीहून बोलतोय. मामांचा बंगला. बाहेर धुकं एवढं की समोरचं सिल्व्हर ओकचं झाड दिसत नाही.

परवा रात्री मामींचा फोन. "अरे, त्या भिंतीवरच्या डबीत कालपासून गोल गोल फिरतंय. पाहुणे उतरलेत, त्यांना काय सांगू?"

तर ही ती डबी.

[थर्मोस्टॅट जवळून]

मामा वरच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात, म्हणून गरम-गार दोन्ही करणारं डक्टचं युनिट बसवलंय. त्याचा हा स्मार्ट थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान बघून युनिट चालू-बंद करणारी डबी, आमच्या ताईनं अमेरिकेहून आणला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक कंपनीची नव्हतीच, ते पुढं कळेल.

मी फोनवर एकच विचारलं, "मामी, स्क्रीनवर नक्की काय लिहून आलंय?" सगळी गोम तिथंच आहे. 'अडकलंय' म्हणजे कुठं अडकलंय? अपडेट दिसतंय पण सुरूच होत नाही, हे एक दुखणं. डाऊनलोड अर्ध्यात थांबलंय, हे दुसरं. 'इन्स्टॉल होत आहे' म्हणून बसलंय, हे तिसरं. तिन्हींना एकच औषध दिलं की घोळ होतो.

सुरूच होत नसेल तर आधी बॅटरी बघा. सेटिंगमध्ये तांत्रिक माहितीच्या पानावर बऱ्याच मॉडेलना व्होल्टेज दिसतं. बॅटरी कमी असली की थर्मोस्टॅट मुद्दाम अपडेट घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. मधेच जीव गेला तर काय? आता ही बॅटरी चार्ज कशावर होते? युनिटमधून येणाऱ्या २४ व्होल्टच्या वायरींवर. त्यातली 'सी' नावाची, म्हणजे करंट परत नेणारी कॉमन वायर जोडलेली नसली, तर बिचारा बाकीच्या वायरींमधून थोडा थोडा करंट उसना घेतो. रोजचं भागतं, पण वायफाय तासभर चालवायची वेळ आली की दम लागतो. आपल्याकडं वायरमन कधी कधी ती वायर मागं दुमडून ठेवून देतात. "लागत नाही ही," म्हणतात. लागते.

बॅटरी किरकोळ समजू नका. जानेवारी २०१६ मध्ये नेस्ट या कंपनीच्या थर्मोस्टॅटमध्ये एका अपडेटमधल्या चुकीमुळं बॅटऱ्या उतरल्या आणि ऐन हिवाळ्यात अमेरिकेत लोकांची घरं गार पडली. आणखी एक, कुणी त्यांचा 'नेस्ट लर्निंग' हा जुना थर्मोस्टॅट स्वस्तात देत असेल तर विचारून घ्या कितव्या पिढीचा. पहिल्या दोन पिढ्यांचा सपोर्ट २५ ऑक्टोबर २०२५ ला बंद झालाय. त्यावर अपडेटची वाट बघत बसलात तर बसूनच राहाल.

बॅटरी चांगली आहे, तरी अपडेट दिसत नाही? मग बहुतेक तुमचा नंबर लागलेला नाही. कंपन्या एकाच दिवशी सगळ्यांना अपडेट सोडत नाहीत, टप्प्याटप्प्यानं सोडतात. शेजाऱ्याला आलं म्हणून आपल्याला आलंच पाहिजे असं नाही.

मामींकडं मात्र दुसरं दुखणं होतं. डाऊनलोड ३४ टक्क्यांवर. तासाभरानं शून्य. पुन्हा ३४.

[कॅमेरा भिंतीवरून हॉलकडे]

ही भिंत बघा. जांभा दगड, हातभर जाड. जुना बंगला आहे. आणि राऊटर कुठं? भिंतीपलीकडं, हॉलमध्ये, लोखंडी कपाटात! उंदीर वायर कुरतडतात म्हणून मामांनी आत ठेवला, पुढं स्टीलचे डबे. एका डब्यात कंदी पेढे होते, ते आता नाहीत, त्याबद्दल बोलू नका. लोखंड आणि दगड ओलांडून जे वायफाय पोचत होतं त्यावर मेसेज जात होता, पण अपडेटची मोठी फाईल मधेच तुटायची आणि पहिल्यापासून सुरू व्हायची.

इथं एक सोपी परीक्षा. मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करा, बँड, म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा, २.४ गिगाहर्ट्झ ठेवा, आणि थर्मोस्टॅट त्याला जोडा. बरेच थर्मोस्टॅट ५ गिगाहर्ट्झ ओळखतच नाहीत. आयफोन असेल तर हॉटस्पॉटमध्ये 'मॅक्सिमाईझ कम्पॅटिबिलिटी' चालू करा. फोन थर्मोस्टॅटजवळ धरा. अपडेट झालं तर थर्मोस्टॅट ठणठणीत आहे, गडबड राऊटरची. नाहीच झालं तर थर्मोस्टॅटवरची तारीख-वेळ बघा. घड्याळ चुकलेलं असेल तर कंपनीच्या सर्व्हरचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, त्याला खोटं वाटतं आणि तो फाईल घेतच नाही.

आता मी पोचेपर्यंत काय झालं? मामांनी फॅक्टरी रीसेट मारला. "कॉम्प्युटर अडकला की बंद-चालू करायचा, तूच सांगितलंस ना!" अहो मामा, बंद-चालू वेगळं आणि रीसेट वेगळं. रीसेटनं वायफायचा पासवर्ड गेला, वेळापत्रक गेलं, सगळं गेलं, आणि घरात गारठा पडला. मामींना वाटलं गारठा अपडेटमुळं पडलाय. डाऊनलोड अडकलं म्हणून हीटिंग सहसा थांबत नाही. गारठा पडला तो रीसेटनंतर.

आणि खरी गंमत पुढं. रीसेटनंतर यादीत घरचं वायफाय दिसेचना! फोनला दिसतंय, थर्मोस्टॅटला नाही. कारण राऊटर स्वतःहून १३ नंबरच्या चॅनलवर, म्हणजे वायफायच्या पट्ट्यातल्या १३ व्या वाटेवर, जाऊन बसला होता. आपल्याकडं १३ चालतो, पण अमेरिकेसाठी बनवलेलं यंत्र ११ पर्यंतच बघतं. राऊटरच्या सेटिंगमध्ये 'ऑटो' काढलं, चॅनल ६ कायम केला, की लगेच नाव आलं. परदेशातून कुणी काही आणलं असेल तर हे लिहून ठेवा. १, ६ किंवा ११.

राऊटर आता कपाटाबाहेर, उंचावर. उंदरांसाठी वायरीला प्लास्टिकचा पाईप घातलाय.

तिसरं दुखणं, इन्स्टॉलवर अडकलेलं. इथं हात आवरा. नवं सॉफ्टवेअर मेमरीत लिहिलं जात असताना लाईट काढली तर काही यंत्रं जुन्या आवृत्तीवर परत येतात, काही कायमची दगड होतात. आपलं कुठल्या जातीचं आहे हे बाहेरून कळत नाही. मी तासभर तरी बघत नाही तिकडं. त्यानंतरही तसंच असेल तर युनिटचा एमसीबी (वीज तोडणारा बोर्डवरचा स्विच) पाच मिनिटं बंद करून चालू करा. डबी भिंतीवरून उपटायची नाही! चालू वायरींमध्ये 'आर' (करंट आणणारी) आणि 'सी' एकमेकींना टेकल्या की युनिटच्या बोर्डचा फ्यूज जातो. आणि आपल्याकडच्या कित्येक थर्मोस्टॅटच्या मागं थेट २३० व्होल्ट असतात. तिथं वायरमनच बोलवा.

पाचगणीत लाईटचा भरवसा किती ते तुम्हाला माहीत आहे, म्हणून राऊटरला छोटा यूपीएस लावून दिलाय आणि अपडेटची वेळ दुपारची ठेवलीये.

काल दुपारी झालं एकदाचं अपडेट. संध्याकाळी मामींची पुन्हा हाक. "अरे, सत्तर दाखवतंय! घर पेटेल की!" रीसेटनंतर ते फॅरनहाइटवर गेलं होतं. मामी, ७० म्हणजे आपले २१.